कोल्हापुरात घर घेताय? आधी जाहिरातीतली विशेषणं खोडा

‘राजारामपुरीपासून हाकेच्या अंतरावर, निसर्गरम्य परिसरात, वास्तुशास्त्रानुसार बांधलेला प्रशस्त, हवेशीर, प्रीमियम टू बीएचके. उच्चभ्रू वसाहत. चोवीस तास पाणी. क्लिअर टायटल. मोजकेच फ्लॅट शिल्लक. किंमत फक्त ५२ लाख.’

ही जाहिरात मी नमुन्यासाठी जुळवली आहे, पण कोल्हापुरात घर शोधायला लागून आठवडा झाला असेल तर अशा दहा तरी तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडल्या असतील. हा लेख शहरात नव्यानं आलेल्यांसाठी आहे. कुणी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरीला लागलंय, कुणाची विद्यापीठात नेमणूक झालीय, कुणी १८ ऑगस्ट २०२५ पासून इथं उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यामुळं वकिलीसाठी आलंय, तर कुणी मुलांच्या शिक्षणासाठी चंदगड-राधानगरीतून. इथं जन्मलेल्या माणसाला पुराचं पाणी कुठल्या गल्लीपर्यंत चढतं, कुठल्या कॉलनीत टँकर येतो हे विचारावं लागत नाही. तुमच्या हातात फक्त जाहिरात असते. म्हणून तिच्यातल्या गोड शब्दांचे पैसे सगळ्यात जास्त तुमच्याकडूनच वसूल होतात, आणि ते होऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

शब्दाचे पैसे होतात कसे

‘प्रीमियम’ लिहिल्यानं भिंतीत एक वीटही जास्त लागत नाही. पण त्या शब्दाच्या आधारानं मोठा आकडा छापता येतो, आणि एकदा वाचलेला आकडा डोक्यातून जात नाही. अमेरिकेत ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील या दोन अभ्यासकांनी १९८७ मध्ये याचा प्रयोग प्रसिद्ध केला. अ‍ॅरिझोनातल्या टूसॉन शहरात त्यांनी विद्यार्थ्यांना आणि मुरलेल्या एजंटांना एक खरं घर फिरून दाखवलं. घराची माहिती सगळ्यांना सारखीच दिली, फक्त त्यावर छापलेली मागणीची किंमत काहींना कमी तर काहींना जास्त दाखवली. ज्यांनी जास्त आकडा पाहिला त्यांनी घराचं मोलही जास्त ठरवलं. यातून एजंटही सुटले नाहीत. ‘आम्ही त्या किमतीकडं बघितलंच नाही’ असं मात्र त्यांच्यातले बरेचजण सांगत होते. रोज घरं विकणाऱ्यांची ही गत, तर आयुष्यात एकदाच घर घेणाऱ्याचं काय होत असेल!

पुढं हा आकडा पसरत जातो. एका बिल्डिंगमधला फ्लॅट ५२ लाखांना जाहिरातीत लागला की शेजारच्या गल्लीतला मालक म्हणतो, ‘त्यांचा बावन्न, तर माझा चोपन्न.’ तो पहिला फ्लॅट शेवटी ४६ ला गेला, हे कुणी स्टेटसला ठेवत नाही. बघता बघता ‘या भागातला रेट’ म्हणून जो सांगितला जातो तो जाहिरातींचा रेट असतो, व्यवहारांचा नसतो.

शिकागोचे अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेव्हिट यांनी घरांच्या जाहिरातींतले शब्द विक्रीच्या किमतींशी ताडून पाहिले आहेत. ‘ग्रॅनाईट’सारखे वस्तूचं नाव घेणारे शब्द चढ्या किमतीबरोबर सापडले. ‘फँटॅस्टिक’, ‘चार्मिंग’, ‘परिसर उत्तम’ असे मोघम शब्द उलट कमी किमतीला गेलेल्या घरांबरोबर सापडले. म्हणजे ज्या घरात सांगण्यासारखं काही असतं, त्याची जाहिरात ते नाव घेऊन सांगते. ज्यात नसतं तिथं विशेषणं येतात. चार घरं बघून तुलना करणाऱ्या गिऱ्हाइकापुढं ती फार टिकत नाहीत. तुलना करायला ज्याच्याकडं काही नाही, त्याच्या खिशातून मात्र ती पैसे काढतात.

पायरी पहिली: पेन्सिल घ्या

जाहिरात कागदावर उतरवून घ्या आणि मोजून, दाखवून किंवा कागदावर सिद्ध करून न दिलेला प्रत्येक शब्द खोडा. वरच्या जाहिरातीत उरतं काय? टू बीएचके आणि ५२ लाख. एवढंच.

आता खोडलेल्या शब्दासमोर प्रश्न लिहा. ‘प्रशस्त’समोर: कार्पेट, म्हणजे आतलं वापरता येणारं क्षेत्र, किती? ‘हवेशीर’समोर: खिडक्या कुठल्या बाजूला, समोरची भिंत किती फुटांवर, आणि शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर उद्या इमारत उठली तर काय? ‘चोवीस तास पाणी’समोर: महापालिकेचं की बोअरचं, आणि मे महिन्यात टँकर किती लागतात? ‘प्रीमियम’ आणि ‘उच्चभ्रू’समोर लिहायला काही सुचणार नाही. तिथं शून्य रुपये लिहा.

पाण्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण ‘थेट पाइपलाइनचं पाणी’ हा शब्द इथं फार चालतो. ही योजना काळम्मावाडी धरणातून कोल्हापूर शहराला पाणी आणण्यासाठी आहे. बिल्डिंग पाचगाव, मोरेवाडी, उचगावच्या हद्दीत असेल तर तिथल्या पाण्याची सोय वेगळी असते. तोंडी काही ऐकू नका. पाणीपट्टीचं बिल मागा, ते कुणाच्या नावानं येतं ते बघा आणि तळमजल्यावरच्या एखाद्या घरात विचारा, नळाला पाणी किती वाजता येतं, किती वेळ राहतं.

पायरी दुसरी: टेप घेऊन जा

सगळ्यात जास्त पैसा इथं जातो. जाहिरातीत ‘९८० स्क्वेअर फूट’ लिहिलेलं असतं, पण ते कार्पेट, बिल्टअप की सेलेबल हे लिहिलेलं नसतं. बिल्टअपमध्ये बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि सेलेबलमध्ये त्यावर जिना, लिफ्ट, पॅसेज असं सगळं धरलेलं असतं. घरबांधणी व्यवसायाचं नियमन करणाऱ्या २०१६ च्या रेरा कायद्यानं कार्पेटची व्याख्या पक्की केली आहे. फ्लॅटच्या आतलं वापरता येणारं क्षेत्र, आतल्या भिंतींसकट. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि ओपन टेरेस त्यात येत नाहीत. नव्या प्रकल्पात बिल्डरला कार्पेट सांगावंच लागतं. रीसेलच्या जाहिरातीत मात्र जुनी भाषा अजून सर्रास चालते.

हिशेब करून बघा. ५२ लाखांना ९८० फूट म्हटलं की दर साधारण ५,३०० रुपये फूट पडतो, बरा वाटतो. टेप लावल्यावर आत ६४० फूट भरले, तर तोच दर ८,१२५ होतो. दुसरीकडं कुणी ४९ लाखांना ६६० फूट कार्पेट असं सरळ लिहिलं असेल, तर ते पहिल्या नजरेला महाग वाटतं. प्रत्यक्षात दर ७,४२५ च्या आसपास पडतो, म्हणजे फुटामागं सातशे रुपये स्वस्त. म्हणून वहीत एकच रकाना ठेवा: कार्पेटचा दर. बाकी सगळे दर त्यात बदलून घेतल्याशिवाय दोन घरं शेजारी ठेवू नका.

मोजताना प्रत्येक खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजा. बेडरूममध्ये सहा बाय साडेसहाचा पलंग टाकल्यावर कपाटाचं दार उघडेल का ते टेपनंच बघा. सॅम्पल फ्लॅटमध्ये पलंग, सोफा मुद्दाम लहान ठेवलेले असू शकतात. मालक घरफाळ्याची (घरपट्टीची) पावती दाखवत असेल तर त्यावरचं क्षेत्रही टिपून घ्या आणि तुमच्या मापाशी ताडून बघा.

पायरी तिसरी: अंतर पायांनी मोजा

‘हाकेच्या अंतरावर’ किंवा ‘पाच मिनिटांवर’ हे कुठून आणि किती वाजता, याला महत्त्व आहे. रविवारी सकाळी सातला उजळाईवाडीहून दसरा चौकात लवकर पोचता येतं. संध्याकाळी सहाला कावळा नाक्यावरून तेच अंतर कापून बघा. ‘अंबाबाई मंदिराजवळ’ असलेलं घर नवरात्रात आणि सलग सुट्ट्यांत कसं असतं, गाडी दारापर्यंत येते का, हे त्या गल्लीत राहणाऱ्याला विचारा. तुमची नोकरी गोकुळ शिरगावला असेल तर तुमच्यासाठी ‘प्राइम लोकेशन’ वेगळं आहे आणि शिरोलीला असेल तर आणखी वेगळं. दुसऱ्याच्या प्राइमचे पैसे तुम्ही का भरायचे?

व्ह्यूचंही तसंच. माझी मावसबहीण सावंतवाडीहून बदली होऊन आली, तेव्हा तिच्याबरोबर मी रंकाळ्याच्या बाजूला एक फ्लॅट बघायला गेलो होतो. जाहिरातीत ‘लेक व्ह्यू’ होतं. हॉलमधून दिसत होती समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी. एजंट तिला स्वयंपाकघरामागच्या ड्राय बाल्कनीत घेऊन गेला. ‘ताई, जरा पुढं या, असं डावीकडं वाकून बघा, दिसतोय की!’ वॉशिंग मशीनच्या नळावर हात टेकून ती वाकली. टाकी आणि नारळाच्या झावळ्या यांच्यामधून तलावाची बोटभर पट्टी दिसली. तिनं शांतपणे विचारलं, ‘याच मजल्यावरचा मागच्या बाजूचा फ्लॅट केवढ्याला?’ कार्पेट तेवढंच, पार्किंग तसंच, किंमत तीन लाखांनी कमी. त्या दोन शब्दांची किंमत अशी उघडी पडली. तिनं मागचा फ्लॅट घेतला.

तीन लाख म्हणजे किती, हेही बघा. ते कर्जातून गेले, व्याज साडेआठ टक्के आणि मुदत वीस वर्षं धरली, तर महिना साधारण २,६०० रुपयांचा जास्तीचा हप्ता बसतो. वीस वर्षांत सव्वासहा लाख होतात. ‘याच मजल्यावरचा दुसरा केवढ्याला’ हा प्रश्न म्हणूनच प्रत्येक ठिकाणी विचारा.

पायरी चौथी: नदीची भाषा नीट वाचा

‘पंचगंगेचं विहंगम दृश्य’, ‘नदीकाठची शांतता’, ‘हिरवाईनं वेढलेलं’. कोल्हापुरात हे शब्द दिसले की भावाच्या आधी पुराचं विचारायचं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि २०२१ मध्ये ५६ फुटांच्याही वर. शाहूपुरी कुंभार गल्ली, रमणमळा, नागाळा पार्कचा काही भाग असा चांगल्या वस्तीतला मोठा पट्टा पाण्यात होता. यातल्या काही जागांच्या जाहिरातीत आजही ‘शहराच्या मध्यवर्ती, शांत, हिरवा परिसर’ असंच लिहिलेलं असेल, आणि ते खोटंही नाही. फक्त अर्धं आहे.

पार्किंगमध्ये उभे राहा आणि भिंतीकडं बघा. ठराविक उंचीपर्यंतच नवा रंग का दिलाय? विजेचे मीटर डोक्याच्या वर का बसवलेत? लिफ्टची मोटर कधी बदलली? मग बाहेर या आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला, नाही तर दूध घालणाऱ्याला विचारा, ‘एकोणीसला पाणी कुठवर आलं होतं?’ इथली माणसं हात कमरेला किंवा छातीला लावून नेमकं दाखवतात. त्यांना तुम्हाला काही विकायचं नसतं.

कागदावरही बघा. पाटबंधारे खात्यानं आखलेली निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतल्या मोठ्या पुराची. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटी घालून बांधकामाला परवानगी मिळू शकते. म्हणून ‘परवानगी आहे’ म्हणजे ‘पाणी येत नाही’ असं समजू नका. महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला घ्या आणि जागा पूररेषेच्या कुठल्या बाजूला पडते ते स्पष्ट विचारून घ्या. पूर येणाऱ्या जागेत वरच्या मजल्यावर राहणं अनेकांना चालतं. मग भावही त्या हिशेबानं द्या, आणि गाडी कुठं हलवायची ते ठरवून ठेवा.

पायरी पाचवी: ‘प्रस्तावित’चे पैसे आज देऊ नका

‘हद्दवाढीत येणारं गाव’, ‘प्रस्तावित रिंगरोड टच’, ‘विमानतळ विस्तारामुळं भाव दुप्पट’, ‘शेंडा पार्कमुळं भविष्यातलं हॉट लोकेशन’. यातलं काही होईलही. पण हद्दवाढीची चर्चा या शहरात किती वर्षं चाललीय ते कुठल्याही जुन्या माणसाला विचारा. २०१७ मध्ये हद्दवाढीऐवजी ४२ गावांसाठी वेगळं नगर विकास प्राधिकरण आलं. जो रस्ता आज नाही त्याचं मोल आजच्या किमतीत धरलं असेल, तर जोखीम सगळी तुमची आणि फायदा आधीच विक्रेत्याच्या खिशात. असलेल्या रस्त्यानं जाऊन बघा, तोही पावसाळ्यात, आणि भाव त्या रस्त्याचाच करा.

पायरी सहावी: कागदांची विशेषणं

इथं मी थोडक्यात सांगतो, कारण हे काम वकिलाचं आहे आणि त्याची फी वाचवू नये. ‘क्लिअर टायटल’ म्हणजे सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी) हातात आल्यावर वकील म्हणेल ते. ‘आर झोन’ एवढ्यावर थांबू नका. झोन राहण्याचा असला तरी जमिनीच्या बिगरशेती वापरासाठी आता कुठला कागद लागतो, ते वकिलाला विचारून तो मागा. गुंठेवारीचा (मंजूर लेआउटशिवाय तुकडे पाडून विकलेला) प्लॉट स्वस्त का आहे हे विचारल्याशिवाय स्वस्त म्हणून घेऊ नका. ‘रेडी पझेशन’ असेल तर भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला वापरण्याची परवानगी) दाखवा म्हणायचं. ‘सर्व बँकांचं लोन उपलब्ध’ असं लिहिलेलं असेल तर तुमच्या बँकेत जाऊन तुम्हीच विचारा.

नव्या प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक हवा, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही हवा. तो स्कॅन केला की मंजूर नकाशे, प्रत्येक फ्लॅटचं कार्पेट आणि ताबा द्यायची तारीख दिसते. किती फ्लॅट बुक झालेत तेही तिथं असतं. म्हणजे ‘मोजकेच शिल्लक’ खरं की घाई करायला लावण्यासाठी, याचा निकाल बसल्या जागी लागतो. क्रमांक नसेल तर कारण विचारा. ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत फ्लॅट असलेल्या प्रकल्पाला नोंदणीतून सूट आहे, आणि कोल्हापुरात अशा छोट्या इमारती बऱ्याच आहेत. सूट असली तर असली, पण मग तपासणीचं ओझं तुमच्यावर जास्त येतं.

पायरी सातवी: झालेल्या व्यवहारांचा भाव काढा

आता जाहिरात बाजूला ठेवा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ‘ई-सर्च’ आहे. वर्ष, जिल्हा, गाव आणि मिळकतीचा क्रमांक टाकला की त्या मिळकतीवर नोंदलेल्या दस्तांची सूची क्रमांक दोन, म्हणजे आपण ज्याला इंडेक्स टू म्हणतो, ती दिसते. त्यात क्षेत्र, तारीख, मोबदला आणि सरकारी बाजारमूल्य असतं. शहरात क्रमांक शोधताना वॉर्डचं अक्षर आणि सिटी सर्व्हे नंबर लागतो. ‘ई वॉर्ड, सि.स.नं. अमुक’ असा पत्ता घरफाळ्याच्या पावतीवर असतो, तो आधीच टिपून ठेवा.

त्याच इमारतीतले किंवा शेजारच्या दोन-तीन इमारतींतले गेल्या दोन वर्षांतले दस्त काढा. मोबदल्याला क्षेत्रानं भागा. क्षेत्र कार्पेट आहे की बिल्टअप, ते दस्तातच लिहिलेलं असतं. नोंदवलेला आकडा कधी प्रत्यक्षापेक्षा कमी असतो, हे खरं आहे. म्हणून एकाच दस्तावर जाऊ नका. त्याच्या जोडीला रेडी रेकनरचा, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारनं ठरवलेला, दर बघा, आणि त्या इमारतीत नुकतं घर घेतलेल्या एखाद्या कुटुंबाशी बोला. हे तिन्ही जुळवलं की एक पट्टा तयार होतो, समजा कार्पेटला ६,८०० ते ७,३००. जाहिरातीतला ८,१२५ त्याच्या शेजारी ठेवा. मधला फरक कशाचा, हे विक्रेत्यानं नाव घेऊन सांगायचं: नवी वायरिंग, झाकलेलं पार्किंग, सोलर, लिफ्ट. ज्याचं नाव घेता येत नाही, त्याचे पैसे द्यायचे नाहीत.

पायरी आठवी: एजंटशी बोलताना

एजंट वाईट नसतात. चांगला एजंट तुमचे दोन महिने वाचवतो. पण त्याचा हिशेब समजून घ्या. दोन टक्के दलाली असेल तर पन्नास हजारांनी किंमत खाली आणण्यात त्याचं नुकसान फक्त हजार रुपयांचं, आणि व्यवहार लांबला तर सगळी दलालीच अडकते. त्याला किमतीपेक्षा उरकण्याची घाई जास्त असते. लेव्हिट यांनी चॅड सिव्हर्सन यांच्यासोबत २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसलं होतं. शिकागो भागातले एजंट स्वतःचं घर विकताना गिऱ्हाइकाच्या घरापेक्षा सुमारे साडेनऊ दिवस जास्त थांबले आणि ३.७ टक्के जास्त किंमत घेऊन गेले.

ही घाई तुमच्या कामाची आहे. ५२ वर बोलणं सुरू करू नका. ‘किंचित कमी करा की’ म्हणालात तर तुम्ही त्यांचा आकडा मान्य केला. त्याऐवजी वही उघडा: ‘दादा, कार्पेट ६४० भरतंय. याच इमारतीत गेल्या वर्षी झालेले दस्त हे असे आहेत. माझा हिशेब सेहेचाळीसपर्यंत जातो. मालकांना विचारून सांगा.’ आवाज चढवायचा नाही, घराला नावं ठेवायची नाहीत. मालकानं त्या घरात आयुष्य काढलेलं असतं. ‘उद्या दुसरी पार्टी येणार आहे’ असं उत्तर आलं तर ‘येऊ दे’ म्हणा आणि घरी जा. त्या संध्याकाळी इसार (आगाऊ रक्कम) देऊ नका.

पायरी नववी: जाहिरात जपून ठेवा

खोडलेली ती जाहिरात फेकू नका. तिचा स्क्रीनशॉट, ब्रोशर, एजंटचे मेसेज तारखेसह ठेवा. रेरा कायद्याच्या कलम १२ नुसार बिल्डरच्या जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या मजकुरावर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्यात त्याचं नुकसान झालं, तर भरपाई मागता येते. प्रकल्पातून बाहेर पडायचं असेल तर व्याजासह पैसे परत मागता येतात. कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करार केल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डर घेऊ शकत नाही. रीसेलला हे संरक्षण नाही. म्हणून तिथं तुम्हाला महत्त्वाची वाटणारी प्रत्येक गोष्ट साठेखतात (खरेदीआधीच्या करारात) लिहून घ्या: कार्पेट किती, पार्किंगचा नंबर कुठला, पाण्याचं कनेक्शन कुणाचं, कुठलं फर्निचर राहणार. वकिलाला सांगा, ‘जाहिरातीत जे जे म्हटलंय ते यात घाला.’ विक्रेता जे वाक्य साठेखतात घालायला तयार नसेल, त्याच्यापुरती रक्कम सहीच्या आधी किमतीतून वजा करून मागा.